फाटलेल्या जाळ्याचीही नोंद घ्या

हर्णै बंदरावर परवा एका तांडेलाने, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाने, आपलं जाळं उलगडून दाखवलं. मधोमध हातभर भगदाड! अडकलेलं कासव सुटेना, म्हणून त्यानेच सुरी चालवली होती. ऐन हंगामात जाळं कापायला काळीज लागतं.

संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळं फाटलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो द्यावे लागतात. माझ्या मते हे फोटो नुसते फाइलला लावून ठेवण्याचे नाहीत. कासव कोणत्या महिन्यात, किती वाव खोल पाण्यात, कोणत्या जाळ्यात सापडलं, हे त्या तांडेलाला तोंडपाठ असतं. शास्त्रज्ञांनी बंदरावर येऊन ते लिहून घ्यावं.

२०२२ मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या पाच कासव माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले. त्या कुठवर पोहोचल्या, याचे नकाशे मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लागले, तर खलाशी ते थांबून वाचतील. आणि भरपाई पुढच्या हंगामाआधी हातात पडावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दापोली