बॅटरीआधी वजनाचा हिशेब करा

संपादक महोदय,

गोव्यातील बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात ‘अलीझे’ हे पाणबुडीविरोधी विमान पाहिल्यावर त्याची रेडिओ-नियंत्रित, विजेवर उडणारी प्रतिकृती करण्याची इच्छा मुलांना होते आणि ती रास्तच आहे. मूळ विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी १५.६ मीटर असल्याने १:१२ प्रमाणात ती १३० सेंटिमीटर होते. मात्र हौशी मंडळी आधी मोठी बॅटरी आणतात आणि वजनाचा विचार नंतर करतात, ही चूक मीही केली आहे.

तयार विमान दीड किलोचे भरणार असेल, तर किलोमागे सुमारे २२० वॉट या ठोकताळ्याने ३३० वॉट लागतात. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीतून त्यासाठी जवळजवळ ३० अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणून मोटरचा वेगनियंत्रक ४० अँपिअरचा घ्यावा. मोटर फिरली म्हणजे विमान उडेल असे नव्हे. गुरुत्वमध्य मागे सरकला तर ते हातातून सुटताच कोसळते. बॅटरी पुढेमागे सरकवता येईल अशी जागा सांगाड्यातच ठेवावी. आमच्या पावसाळी दमट हवेत बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख वाकतात, तेव्हा ते सपाट फळीवर दाबून ठेवावेत.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवल्याने माझी एक बॅटरी फुगली. साठवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर असावा आणि चार्जिंगवेळी कोणीतरी जवळ थांबावे, हे पालकांनी कृपया कटाक्षाने पाहावे.

आपला,
एक वाचक, वास्को