लिस्बनहून आई-बाबांस

लिस्बन,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला "नको" म्हटले असते आणि आईने फोन हातात घेऊन विषय बदलला असता, म्हणून हे पत्र. सांगायचे ते आधी सांगून टाकते. पुढच्या मे महिन्याच्या उत्तरार्धात आपण तिघांनी लिस्बनहून जहाजाने निघायचे आहे. काडिझ, मालागा, व्हॅलेन्सिया अशी बंदरे घेत सात रात्रींनी बार्सिलोनाला उतरायचे आहे. जहाजावरच्या खोल्यांचे पैसे मी भरले आहेत. तुम्हाला न विचारता भरले, याची टोचणी आहे, पण विचारले असते तर हे कधीच झाले नसते, हेही मला ठाऊक आहे. दादाला मात्र मी आधी विचारले होते. डॉक्टरांशी तोच बोलला, आणि मे महिन्यापर्यंत प्रकृती अशीच राहिली तर प्रवासाला हरकत नाही, असे त्यांनी त्याला सांगितले आहे.

बाबा, मार्चमध्ये तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी नवव्या दिवशी घरी पोहोचले. तुम्ही ओटीवर आरामखुर्चीत बसला होतात आणि मला पाहताच म्हणालात, "एवढ्यासाठी कशाला धावत आलीस?" त्या नऊ दिवसांचे मला काय वाटते ते मी तेव्हाही सांगितले नाही आणि आताही नीट सांगता येणार नाही. ते दिवस या प्रवासाने भरून निघतील असे मी मानत नाही. पण तुम्ही दोघे रेवदंड्याला आणि मी हॅम्बर्गला, अशा अवस्थेत पंधरा दिवस सलग एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही. मी तिकडे आले की आई सगळा वेळ स्वयंपाकघरात असते आणि तुम्ही वाडीत असता.

जहाजच का, तेही सांगते. रेल्वेने फिरायचे म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा भरा, जिने चढा, नव्या गावात खोली शोधा. जहाजावर बॅग एकदाच उघडायची. कपाटात आईच्या साड्या, खणात बाबांच्या गोळ्या, आणि रोज सकाळी खिडकीबाहेर नवे गाव. आईला पाण्याची भीती वाटते हे मी विसरलेले नाही. रेवस ते भाऊचा धक्का या लाँचमध्ये मला उलटीची भावना झाली की तू पदराच्या टोकाची सुंठ-साखर काढून माझ्या जिभेवर ठेवायचीस आणि मला सांगायचीस, "लांब बघ, काठाकडे बघ." तुझी स्वतःची मूठ मात्र बाकाच्या कडेवर आवळलेली असायची. म्हणून खोल्या जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतल्या आहेत, कारण तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांची सुरक्षेची कवायत होते आणि त्या वेळी सात छोटे आणि एक लांब असा भोंगा वाजतो. तो ऐकून घाबरायचे नाही. मी शेजारीच असेन.

जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी आपण लिस्बनला पोहोचायचे. कोणत्याही प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, विमानाला उशीर झाला किंवा बॅग मागे राहिली तर हातात वेळ असावा, आणि लाँच सुटायच्या तासभर आधी आम्हा सर्वांना धक्क्यावर नेऊन उभे करणाऱ्या बाबांना हे पटवून द्यावे लागणार नाही. ते दोन दिवस कसे जातील, तुमच्या पायांना काय झेपेल, हे स्वतः पाहिल्याखेरीज मला चैन पडेना. म्हणून परवापासून मी येथे आहे आणि तुमच्या चालीने चालून पाहते आहे. जेथे बाक दिसला तेथे बसले. गुडघ्यांना चढ कोठे लागतो आणि सावली कोठे मिळते, ते वहीत लिहून घेतले आहे.

हे शहर टेकड्यांवर आहे आणि पायवाटा पांढऱ्या चुनखडीच्या, मुठीत मावतील एवढ्या चौकोनी दगडांच्या आहेत. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते दगड इतके गुळगुळीत झाले आहेत की काल जरा पाऊस पडताच मला भिंत धरून चालावे लागले. त्यामुळे आल्फामा या जुन्या वस्तीतल्या पायऱ्यांच्या गल्ल्या मी तुमच्यासाठी बाद केल्या आहेत. त्या सुंदर आहेत, पण त्या वरून पाहू. सांता लुझिया नावाच्या गच्चीपर्यंत टॅक्सी जाते. निळ्या फरशांच्या चित्रांनी सजवलेल्या त्या जागी बोगनवेलीखाली बसले की खाली लाल कौले, त्यापलीकडे खाडीसारखी रुंद तेजू नदी, आणि काठाला लागलेली जहाजे दिसतात. आपल्या जहाजाएवढेच एक जहाज काल तेथे उभे होते आणि मी तासभर त्याच्याकडे पाहत बसले होते. ज्या धक्क्यावरून आपण चढायचे तो गावाबाहेर नाही, जुन्या वस्तीच्या पायथ्याशीच आहे. तेथून मोठ्या चौकापर्यंतची नदीकाठची वाट सपाट आहे. बाबांच्या चालीने, तीनदा बसत, मला पस्तीस मिनिटे लागली.

तो चौक, प्रासा दो कोमेर्सियो, बाबांना आवडेल. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथ्या बाजूला थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. येथे पूर्वी राजवाडा होता, आणि गोव्याहून, चौलहून येणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारी 'काझा दा इंडिया' ही कचेरीही येथेच होती. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी भूकंप झाला, मागोमाग समुद्राचे पाणी आत शिरले, मग आग लागली आणि हे सारे नाहीसे झाले. बाबा, रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आल्याला तेव्हा पंधराच वर्षे झाली होती. त्यानंतर मार्केस दे पोंबाल या मंत्र्याने शहराचा खालचा भाग सरळ रेघा आखून पुन्हा वसवला. आपले हॉटेल त्याच सपाट भागात घेतले आहे. वर टेकडीवर कार्मो नावाचा मठ आहे. त्याचे छप्पर भूकंपात कोसळले ते पुन्हा घातलेच नाही. उघड्या आकाशाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. तेथे पाऊल टाकले आणि मला रेवदंड्याच्या किल्ल्यातले, आगरकोटातले आपले पडके चर्च आठवले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला तेथे नेऊन सातखणी मनोऱ्याचे मजले मोजायला लावायचात, आणि मी नेहमी एक चुकायचे.

दुसऱ्या दिवशी बेलें. ते नदीकाठी पश्चिमेला आहे आणि तेथे जाणाऱ्या पंधरा क्रमांकाच्या नव्या ट्रामची पायरी बुटकी आहे. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे. बाबा, सातवीच्या वर्गाला तुम्ही दरवर्षी सांगायचात की पुस्तकात त्याचे फक्त धाडस आहे, पण १५०२ च्या फेरीत त्याने यात्रेकरूंचे 'मिरी' नावाचे जहाज माणसांसकट जाळले, हेही लिहून घ्या. तो १५२४ मध्ये कोचीला वारला आणि त्याचे अवशेष नंतर येथे आणले. कबरीवरच्या त्या दगडी हातांकडे पाहताना मला तुमचा वर्गातला आवाज ऐकू येत होता. तुम्ही तेथे उभे राहावे असे मला फार वाटते. तुम्ही आयुष्यभर शिकवलेत त्याचे दुसरे टोक येथे आहे. ८ जुलै १४९७ रोजी ज्या पाण्यावरून ती चार जहाजे निघाली त्याच पाण्यावरून आपले जहाज जाईल. आधी तो चौक दिसेल, मग '२५ एप्रिल' नावाचा तांबडा पूल डोक्यावरून जाईल, मग बेलेंचा बुरूज आणि मग समुद्र. हे सर्व पुलाखेरीज उजव्या हाताला दिसते, म्हणून मी उजव्या बाजूच्याच खोल्या मागून घेतल्या.

आई, आता तुझ्या काळजीचे. हॉटेलच्या न्हाणीघरात टबाची उंच कड नाही आणि पाण्याची सोय तुला हवी तशी आहे, मी स्वतः पाहिली. पलंग फार मऊ नाही. हॉटेलपासून थोड्या अंतरावर मार्तीं मोनीझ चौकाच्या बाजूला भारतीय, नेपाळी आणि बांगलादेशी दुकानांची रांग आहे. तेथे तूरडाळ, मेथी, हिंग सर्व मिळते आणि गरम पोळीही मिळते. बाहेर जेवताना ध्यानात ठेव की कोबीच्या जातीच्या पाल्याचे हिरवे सूप साधे दिसते, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात. बेलेंची प्रसिद्ध कस्टर्डची पुरी अंड्याच्या बलकाची असते, ती बाबांनी एक खावी, दुसरी नाही. जेवणाआधी न मागता पाव आणि ऑलिव्ह ठेवतात, त्याचे पैसे लागतात. चहाला येथेही 'चा'च लिहितात, फक्त म्हणताना 'शा' म्हणतात. काल एका जुन्या भांड्यांच्या दुकानात मी उगाच बराच वेळ उभी राहिले. साबणाला साबाँव, बादलीला बाल्द, फितीला फीता. बाजारात तुला भाजी देणारी कोर्लईची मावशी तिच्या मुलीशी जी पोर्तुगीज वळणाची बोली बोलायची आणि तू मला "लक्ष देऊन ऐक" म्हणायचीस, त्यातले किती शब्द येथे दारावर लिहिलेले आहेत! कोपऱ्यावर एक जण कोळशावर चेस्टनट भाजत होता. राख लागलेले साल काढून तोंडात टाकला आणि अगदी चुलीत भाजलेल्या आठळीची चव लागली. थोडे गोड, पिठूळ. कागदाची पुडी हातात धरून मी त्या रस्त्यातच तुझ्या चुलीपाशी बसले होते, असे म्हण.

आता एक गोष्ट लिहिताना हात जड होतो आहे. बाबा, मुंबई, फ्रँकफर्ट आणि लिस्बन या तिन्ही विमानतळांवर आणि जहाजावर चढताना तुमच्यासाठी मी चाकांची खुर्ची सांगणार आहे. युरोपात ती किमान ४८ तास आधी सांगावी लागते, ऐनवेळी तुम्हाला दम लागला तर मिळेलच असे नाही. तुम्ही चालू शकता हे मला माहीत आहे. कोर्लईच्या किल्ल्यावर मला खांद्यावर घेऊन चढणारे पाय आहेत ते. पण ते पाय विमानतळाच्या मैलभर लांब बोळात संपवायचे नाहीत, ते बेलेंसाठी राखून ठेवायचे. ढकलणारा माणूस अनोळखी असेल तर तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून फ्रँकफर्टला मी स्वतः येणार आहे. मुंबईपुरते तेवढे सोसा.

पुढचे मात्र निमूटपणे ऐकायचे. जानेवारीत पारपत्रांची मुदत तपासा. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला दादाच्या गाडीने जा, एसटीने नाही. ३० हजार युरोंचा आरोग्यविमा व्हिसासाठी लागतोच, मी त्याहून मोठा घेतला आहे. गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांनी लिहून घ्या आणि गोळ्या, आईचे इन्सुलिन, कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण धक्क्यावर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या खोलीत संध्याकाळपर्यंत येतात. बाबांनी पाकीट मागच्या खिशात ठेवायचे नाही, येथे ट्राममध्ये खिसे कापले जातात. आईने नव्या चपला प्रवासात पहिल्यांदा घालायच्या नाहीत. रबरी तळव्याचे बूट आत्ताच घेऊन रोज समुद्रापर्यंत जाऊन यायचे, पहिल्या आठवड्यात अर्धा रस्ता पुरे. किटली आणि इस्त्री आणू नका, जहाजावर चालत नाही. चहा तेथे दिवसभर मिळतो.

मे म्हणजे आंबा आणि पापड, हे तू म्हणणारच आहेस. पापड-सांडगे एप्रिलमध्ये उरकून घे. आढीची काळजी वहिनी घेईल आणि पोफळींना पाणी दादा देईल, तसे त्याने कबूल केले आहे. मृगाच्या आत तुम्ही घरी असाल. येथे त्या दिवसांत नीलमोहोर फुलतो आणि रात्री साडेआठनंतरही उजेड असतो. पैशांचा विषय काढू नका. तुमच्या निवृत्तिवेतनातला एक रुपयाही यात नाही.

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा. एकट्याने वाचून दुसऱ्याला सारांश सांगायचा नाही. आणि बाबा, खुर्चीबद्दल आईकडून निरोप पाठवू नका, तुम्ही स्वतः मला फोन करा. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुमची,
बयो

ता. क. आई, सुंठ-साखरेची पुडी मात्र आण. ती येथे मिळाली नाही.