पातालपाणीला जायचं तर जानापावचा पाऊस विचारा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत आपल्या आसपासच्या धबधब्यांचं पान आलं होतं, फोटो एकदम झकास, तिंछा काय, पातालपाणी काय, चोरल काय, आणि आमच्याकडे ते पान फ्रिजवर लागलंसुद्धा कारण मुलांना आणि भाच्यांना लगेच जायचंय. पण त्या अख्ख्या पानात इंदूरहून किती किलोमीटर आणि तिथे खायला काय मिळतं एवढंच. पावसाळ्यात दिवसभर जंगलात पायी फिरायचं तर ठरवायचं कसं, आणि कुठल्या दिवशी अजिबात जायचं नाही, यावर एक ओळ पण नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर मधून कापा, शेवटून कापू नका, मागणी शेवटी आहे.

आपल्याकडे लोक निघताना गॅलरीतून आभाळ बघतात. शहरात राजवाड्यावर ऊन आहे ना, मग चला. अहो, पण पातालपाणीचं पाणी राजवाड्यावरून थोडंच येतं? ती चोरल नदी, जानापावच्या डोंगराकडे उगम, तिकडचं आणि महूच्या बाजूचं पठारावरचं पाणी गोळा करत येते आणि मग माळव्याचं पठार जिथे संपतं तिथे तीनेकशे फूट सरळ खाली. तुम्ही कड्याजवळ खडकावर कोरडे उभे असता आणि वर कुठेतरी तासाभरापूर्वी धो धो पडून गेलेलं असतं, ते पाणी तुमच्याकडे निघालेलं असतं. जुलै २०११ चा तो व्हिडिओ इंदूरमध्ये कोणी बघितला नाही असं नाही, एकाच कुटुंबातली माणसं मधल्या खडकांवर एकमेकांना धरून उभी, पाणी चढतंय, काठावरचे लोक बघताहेत, आणि पाच जण धारेबरोबर वाहून गेले. ते तिथे गेले तेव्हा नदी काही तशी नव्हती, हे लोक विसरतात.

आणि एक सांगते, जून आणि ऑगस्टमध्ये फार फरक असतो. जूनच्या शेवटी आपली काळी माती तडकलेली असते, पहिले पाऊस त्या भेगांतून आत जातात. एकदा ती भिजून फुगली की भेगा बंद, खाली बेसॉल्टचा खडक, मग पाणी मुरायला जागाच कमी, पडलं की बहुतेक वाहूनच येतं. म्हणून जुलैच्या सुरुवातीला जेवढ्या पावसात ओढा जेमतेम घोट्यापर्यंत होता तेवढ्याच पावसात ऑगस्टमध्ये तो अंगावर येतो. "अहो आम्ही मागच्या महिन्यात इथूनच ओलांडलं होतं" याला तेव्हा काही अर्थ नसतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की चर्चा न करता वर चढायचं, चपला राहिल्या तर राहू द्या. परतीच्या वाटेत ओढा असेल तर तो जाताना गुडघ्याखाली असला तरी येताना असेलच असं नाही, म्हणून शक्यतो ओढा मध्ये येणारच नाही अशी वाट धरावी हे माझं मत. आमच्या ग्रुपमधल्या पोरांना ते बोअर वाटतं, वाटू दे.

आता दिवस कसा निवडायचा. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अलर्ट आदल्या संध्याकाळी बघायचा आणि सकाळी निघताना परत बघायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी भजी तळा. यलो असेल तर मी दरीत उतरत नाही, वरूनच बघून येते. शिवाय खात्याचा तीन तासांचा अंदाज येतो, विजांसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, ते फोनमध्ये घालून ठेवावं, कारण वीज पडून माणसं जाण्यात आपला मध्य प्रदेश देशात वरच्या नंबरांत असतो आणि आपण मात्र गडगडायला लागलं की एकट्या उभ्या महुव्याच्या झाडाखाली जाऊन थांबतो. म्हणून विजांचा दिवस असेल तर जानापाव नको, तो साडेआठशे मीटरच्या वर उघडा माथा आहे. वरच्या अंगाला पाऊस असेल तर पातालपाणी, चोरल नको. दोन्ही असेल तर कुठेच नको. मुलं रुसतात, पण दोन जागा मनात धरून निघालं तर ऐनवेळी बदलता येतं, एकच जागा ठरवली की माणूस हट्टाला पेटतो. आणि मग सुरू होतं ते आपलं खास इंदुरी "अरे भिया, कुछ नी होता".

जानापावचं तुमच्या पानात नावच नव्हतं याचं मला आश्चर्य वाटलं. धबधबा नाही म्हणून असेल. पण चंबळचा उगम तिथला. एकाच डोंगराचं पाणी, एका अंगाला पडलेला थेंब चंबळमधून यमुनेला जातो आणि दुसऱ्या अंगाचा चोरलमधून नर्मदेला, मुलांना हे तिथे उभं करून सांगितलं की भूगोल कायमचा लक्षात राहतो. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून वर मंदिर आहे, कुंड आहे, आणि पावसाळ्यात साग आणि पळसाचं जंगल असं गच्च हिरवं होतं की आपण माळव्यातच आहोत ना असं वाटतं.

पायी चालण्याबद्दल बोलायचं तर सगळ्यात मोठा शत्रू दाल-बाफले. हसू नका. पिकनिक म्हटलं की आपली मंडळी कंडे म्हणजे गोवऱ्या, तुपाचा डबा आणि पातेली घेऊन निघतात, बारा वाजेपर्यंत बाफले भाजत बसतात, एक वाजता तुपात बुडवून खातात आणि मग दोनला डोळ्यांवर झापड असताना "चला आता खाली धबधब्याजवळ". चालायचं असेल तर चालणं आधी, आणि डब्यात पोळी-भाजी, गूळ-दाणे, उकडलेले बटाटे. सकाळी सहाला इंदूर सोडावं, पोहे वाटेत. भेरूघाटात ट्रक अडकले की खंडवा रोडवर तास तास जातो, तो वेळ धरूनच ठेवावा. आणि कुठेही पोचलेलो असो, दोन वाजता मागे फिरायचं, कारण नकाशावरचे तीन किलोमीटर चिखलात, लहान पोरं आणि एखाद्या काकू बरोबर असताना दोन तास सहज खातात. सूर्यास्त सातच्या सुमारास असला तरी ढगाळ दिवशी झाडीत सहालाच दिसेनासं होतं. छत्री जंगलात उपयोगाची नाही, हात मोकळे पाहिजेत, रेनकोट घ्या. खाचा असलेल्या तळव्याचे बूट, जीन्स नको कारण भिजली की वाळत नाही आणि जड होते. घाटात उतरलं की नेटवर्क जातं, म्हणून कुठे चाललो आणि कितीला परत येणार हे घरी सांगून जायचं, अंधार पडेपर्यंत फोन नाही आला तर घरच्यांनी ११२ लावायचा.

रेल्वेच्या रुळावरून पातालपाणी ते कालाकुंड चालत जायची फॅशन आहे, रील्समध्ये बोगदे छान दिसतात म्हणून. विनापरवाना रुळांवर फिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारपर्यंत दंड, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. त्यापेक्षा डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली हेरिटेज गाडी आहे ना, मीटर गेजची, ती चालू असेल तेव्हा तिने जावं, धबधबा समोरून दिसतो, आणि कालाकुंडला उतरून पळसाच्या द्रोणातलं कलाकंद खाता येतं. ही लाइन आपल्या होळकरांच्या पैशातून झालीय हो, दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्के व्याजाने. त्या रुळांवर सेल्फी काढणाऱ्यांपैकी कितींना माहीत असेल देव जाणे.

कचऱ्याचं तर बोलायलाच नको. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवणारे आपण, आणि बायपास ओलांडला की थर्माकोलच्या प्लेटा खुशाल दरीत. जंगल रिकामं नाही, २०२३ मध्ये महूच्या भागात वाघ फिरत होता, तेव्हा उष्टं टाकून, मोठ्याने गाणी लावून, संध्याकाळी झाडीत भटकणं यातलं काहीच शहाणपणाचं नाही.

आता मागणी. पावसाळा संपेपर्यंत पेपरात एक लहानसा चौकोन द्या, बाकी पान जाहिरातींनी भरा, हरकत नाही. त्यात जिल्ह्याचा अलर्ट कुठल्या रंगाचा, महूला आदल्या दिवशी किती मिलिमीटर पडला, प्रशासनाने कुठल्या धबधब्यावर उतरायला बंदी घातलीय, आणि हेरिटेज गाडी सुटणार आहे की नाही आणि कितीला. बास, चार ओळी. पण हा चौकोन शनिवारच्या अंकात पाहिजे, रविवारच्या नको, कारण रविवारी तुमचा पेपर दारात पडेपर्यंत निम्मं इंदूर महूच्या पुढे पोचलेलं असतं.

आपली,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर