व्हिडिओत डावा हात दिसतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली मेडिकल कॉलेजची ती बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही, म्हणून सकाळी चहा ठेवायच्या आधीच हे टाईप करायला बसलेय, चुका सांभाळून घ्या. बातमी म्हणते की एमबीबीएसच्या मुलांना सुई लावणं, रक्त काढणं, लघवीची नळी घालणं, नाकातून पोटात रायल्स ट्यूब टाकणं हे सगळं आता व्हिडिओवरून शिकवणार, मुलं आपापल्या मोबाईलवर बघतील आणि वॉर्डातल्या शिकवण्याचा वेळ वाचेल. तो वाचलेला वेळ कोणाच्या हातावर भरून निघणार आहे, हे तुमच्या वार्ताहराने एका ओळीत तरी विचारायला हवं होतं.

मी सरकारी मेडिकलच्या हॉस्पिटलात 33 वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. नवे इंटर्न आले की पहिले पंधरा दिवस कसे जातात ते मला विचारा. 2019 ला नवीन अभ्यासक्रम आला, त्याची पहिली बॅच 2024 मध्ये आमच्याकडे इंटर्न म्हणून आली. त्या पोरांची सुरुवातीची वर्षं कोरोनात गेली, लेक्चर मोबाईलवर, प्रॅक्टिकल मोबाईलवर, त्यात त्यांचा काय दोष, अभ्यासाला सगळी हुशार होती. त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते.

जुलैचा महिना, गॅस्ट्रोचे पेशंट खाली गादी टाकून झोपवलेले. रात्री दीडच्या सुमाराला एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, जुलाब-उलट्यांनी पार सुकलेल्या, डोळे खोल गेलेले, बीपी जेमतेम लागत होतं. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, त्याखाली शीर दिसणार कशी? इंटर्नने टुर्निके, म्हणजे शीर फुगवायचा दंडावरचा पट्टा, बांधलं, स्पिरिट लावलं, सुई धरली, सगळं अगदी नीट. पहिला प्रिक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला तर सुई आत गेल्यावर शीर बाजूला सरकून गेलेली मला लांबून कळली. पोरगं घामाने निथळत होतं आणि आजीच त्याला म्हणाल्या, "लेकरा, तुझाच हात थरथर करायलाय, आधी तू पाणी पी."

मी जवळ गेले. त्याला विचारलं, बाळा, डावा हात कुठाय तुझा? डावा हात नुसता आजीच्या मनगटाखाली धरलेला. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, शीर आत दोरीसारखी सरकते, डाव्या अंगठ्याने कातडी खाली ताणून धरली नाही तर उजव्या हाताने काहीही करा, शीर पळणारच. तो म्हणाला, सिस्टर, मी व्हिडिओ पंधरा-वीस वेळा बघितलाय, त्यात असं काही नव्हतं. मी तिथेच त्याच्या मोबाईलवर तो व्हिडिओ बघितला. सुई, कोन, नळीत येणारं रक्त, सगळं स्पष्ट, पण कॅमेरा सुईवर इतका जवळ नेलेला की करणाऱ्याचा डावा अंगठा चौकटीच्या बाहेर राहिलेला! आणि स्किल लॅबमधल्या रबरी हाताची कातडी सरकतच नाही, म्हणून तिथेही त्याला कधी नडलं नाही.

मग मी त्याचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली धरून आजीची कातडी ताणली. डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, बघू नकोस, बोटाने चाचप, दाबलं की परत वर येतं ना, ती शीर. व्हिडिओत हिरवा कॅन्युला, म्हणजे सलाईनची नळी बसवलेली सुई, होता म्हणून त्याने हिरवाच उचलला होता, मी त्याहून बारीक गुलाबी दिला. रक्त दिसल्यावर हा लगेच सुई मागे ओढणार होता, म्हटलं थांब, आडवी कर, तांदळाच्या दाण्याएवढी अजून आत जाऊ दे, सुईचं टोक शिरेत असतं पण वरची प्लास्टिकची नळी अजून बाहेर असते, मग सलाईन सोडलं की हात फुगतो. गेली एकदाची. आजींना पहाटेपर्यंत चार बाटल्या गेल्या आणि सकाळी त्यांनी चहा मागितला.

त्या महिन्यात त्याने नंतर कितीतरी सुया लावल्या, लहान मुलांनासुद्धा. म्हणजे शिकायला त्याला जास्त वेळ नाही लागला हो, शेजारी कोणीतरी उभं असण्याची गरज होती.

मी व्हिडिओच्या विरोधात नाही. 2020 ला पीपीई किट घालायचं-काढायचं कसं ते मी स्वतः व्हिडिओ बघूनच शिकले, आदल्या रात्री घरी चार वेळा लावून. क्रम पाठ करायला, सहा पायऱ्यांनी हात धुवायला, क्वचित होणारी प्रोसिजर एकदा नजरेखालून घालायला व्हिडिओसारखं साधन नाही, थांबवता येतो, परत बघता येतो, सर चिडत नाहीत. पण किट काढताना आमच्यासमोर एक जण उभा राहायचाच, कारण घाण झालेली बाजू आपल्या मानेला लागतेय हे आपल्याला दिसत नाही. ते सांगायला माणूसच लागतो.

आणि हे काही मी मनचं बोलत नाही. अभ्यासक्रमातच लिहिलंय की हाताचं काम शिकताना आधी कोणी दाखवायचं, मग बघायचं, मग हाताखाली मदत करायची आणि मग स्वतः करायचं. चारपैकी पहिल्या दोनच पायऱ्या व्हिडिओने होतात. उरलेल्या दोन कुठे होणार? लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, 'व्हिडिओ पाहिला' म्हणून सही घेऊन होणार का? 2022 मध्ये चीनहून, युक्रेनहून परत आलेल्या, शेवटचं वर्ष ऑनलाईन केलेल्या मुलांना मेडिकल कमिशननेच एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप लावली, का तर पेशंटवर प्रॅक्टिकल झालेलं नाही. परक्या देशात शिकलेल्यांना हा नियम लावायचा आणि आपल्या कॉलेजात तेच व्हिडिओ दाखवून वॉर्डाचा वेळ कमी करायचा, हे मला पटत नाही.

अजून एक. बातमीत प्राध्यापक आहेत, डीन आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, सिस्टर हा शब्द कुठेच नाही. निम्म्या इंटर्नना पहिली सुई कोणी लावायला शिकवली ते त्यांनाच विचारून बघा. शिकवायला वेळ नाही म्हणतात ते खरंच आहे, कारण रात्री चाळीस पेशंटला एक सिस्टर आणि एक मावशी असते, रिटायर झालेल्यांच्या जागा भरत नाहीत, भरल्या तर कंत्राटावर, ती मुलगी कामात तयार झाली की ऑर्डर संपते. सीट वाढवल्या तेव्हा खाटा आणि सिस्टर किती वाढवल्या? व्हिडिओवर खर्च करायला पैसे आहेत तर आधी या जागा भरा. आणि साडेसहा नंबरचे ग्लोव्हज तरी द्या, साडेसातचे ढगळ ग्लोव्हज घालून लहान हाताच्या मुलींना शीर बोटाला लागत नाही, मग त्या ग्लोव्हज काढून सुई लावतात आणि स्वतःला टोचून घेतात.

बातमीसोबतचा फोटोही एकदा परत बघा. सलाईन चालू दाखवलंय आणि दंडावर टुर्निके तसंच बांधलेलं आहे. असं ठेवलं तर सलाईन पुढे जात नाही, हात काळानिळा पडतो. हा फोटो बघून कोणी शिकू नये म्हणून दुरुस्ती छापावी ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मराठवाडा