खरपूस म्हणजे किती खरपूस?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ‘तळलेल्या बटाट्याने कर्करोग’ असा मथळा होता. दोन पाने उलटली, तर पाककृतीत ‘काप गडद तपकिरी होईपर्यंत तळावेत’ अशी सूचना! घाबरवायचेही आपणच आणि तळायला लावायचेही आपणच, हे काही पटले नाही.

बातमीत कर्करोगाचा ठपका ज्या अ‍ॅक्रिलामाइड या रसायनावर होता, ते कुणी भेसळ म्हणून घालत नाही. बटाट्यात आणि धान्यात अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोजसारख्या साखरा मुळातच असतात. पाणी आटून तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यांच्यातून ते तयार होते. खमंग वास आणि तपकिरी रंग येतो तोही याच घडामोडीतून. उकडताना पारा १०० च्या आसपासच अडतो, म्हणून उकडलेल्या बटाट्यात ते जवळपास नसतेच. कढईतला काप निरखून पाहावा: बुडबुडे जोरात येतात तोवर आत पाणी आहे. ते मंदावले की आधी पातळ कडा काळपट होतात. मधला भाग तेव्हा पिवळाच असतो.

याचा माग लागला तोही आडवाटेने. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका रेल्वे बोगद्यात गळती बुजवण्याच्या रसायनातून अ‍ॅक्रिलामाइड पाण्यात उतरले. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचे रक्त तपासताना बोगद्याशी संबंध नसलेल्यांच्या रक्तातही त्याच्या खुणा दिसल्या. त्या ताटातून येतात, हे जगजाहीर व्हायला २००२ उजाडले.

आता कर्करोगाचे. १९९४ पासून ते ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे, पण त्याचा मुख्य आधार प्राण्यांना मोठ्या मात्रा देऊन केलेले प्रयोग. आहाराबाबत माणसांवरच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. मथळ्यात यातले काहीच नव्हते. (सिगारेटच्या धुरातही ते असते. ओढणाऱ्याने बटाट्याची चिंता जरा नंतर केली तरी चालेल.) लहान मुलांच्या पोटात मात्र वजनाच्या मानाने ते जास्त जाते, म्हणून काळजी घ्यावी हे बरोबरच.

ती पाककृतीतच घेता येईल. ‘काप अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून, कोरडे करून सोनेरी रंगावर तळावेत’ एवढे छापले तरी पुरे. भिजवल्याने वरची साखर थोडी निघून जाते. आणि छायाचित्रही तसेच निवडावे. परवाच्या चित्रातले काप कडेने चक्क काळे होते.

आपला,
एक नियमित वाचक