मनू, त्या दिवशी मी बोलायला नको होतं

वडोदरा, रविवार पहाटे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू फोन ठेवून दिलास, ते बरोबरच केलंस. "लोकांच्या घरच्या भानगडीत तू कशाला पडतेस" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो.

तू घरी छळ सोसणाऱ्या बायकांच्या हेल्पलाइनची संध्याकाळची पाळी घेतलीस याचा राग नाही, भीती आहे. रात्री अकराला तू एकटी गाडी काढणार. ज्या बाईला तुम्ही आसरा दिलात तिचा नवरा तुला तोंडओळखीने ओळखत असला तर? तिथे अमेरिकेत आपली माणसं एकाच देवळात, एकाच किराणा दुकानात भेटतात असं तूच सांगतेस. घरचा पत्ता कुणाला देऊ नकोस. गाडी उजेडात लाव. असो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं असेल.

नाव न सांगता तू त्या बाईबद्दल बोललीस, ते डोक्यातून जात नाही. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता तर तिथल्या १९९४ च्या कायद्याने तिला त्याच्या सहीवाचून तिथे राहण्यासाठी स्वतःचा अर्ज करता आला असता. पण तो नोकरीच्या व्हिसावर, ती त्याच्यामागे एच-४ वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. घर सोडलं तर देशही सोडावा लागेल, आणि इथे माहेरी कोण दार उघडेल, ही तिची धास्ती. हे ऐकलं आणि मी तुझ्यावरच ओरडलो. का, ते सांगतो. आईलाही अर्धंच ठाऊक आहे.

१९८५ ची संक्रांत. माझी बहीण अक्का नवसारीहून, सासरहून, एकटी आली. पिशवीत दोन पातळं आणि घाईत आलेली सासूची जपमाळ. आजी तिला मधल्या खोलीतून बाहेर येऊ देईना, कारण हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. आजोबा म्हणाले, चार दिवसांत पोचवून ये. मी चोवीस वर्षांचा, इथल्या न्यायमंदिरात, म्हणजे कोर्टात, नुकताच कारकून म्हणून लागलेला. बायकोच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तो आकडा मी माझ्या हाताने फायलींवर लिहीत होतो. तरी मीच तिला गाडीत बसवून घेऊन गेलो. वाटेत ती एकच बोलली, "खिडकीशी बसू का?" परत निघताना तिच्या नवऱ्याने चिकूंची पिशवी दिली. मी ती घेतली, मनू.

डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, ते त्यानंतरच्या वर्षातलं. तू लहानपणी नेहमी तिच्या उजवीकडे बसायचीस.

त्याच १९८५ साली न्यू जर्सीत सहा बायकांनी 'मानवी' ही छळ सोसणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठीची संस्था सुरू केली, असं तू मागे सांगितलं होतंस. मी तेव्हा "हो का" म्हणून उठून गेलो होतो.

त्या बाईला "तू निघत का नाहीस" असं विचारू नकोस. ती परत त्याच्याकडे गेली तरी रागावू नकोस, तिच्यासाठी फोन उघडा ठेव. अक्का तीनदा आली, तेव्हा कुठे राहिली, आणि तीही आजोबा गेल्यावर. बघ, तुलाच शिकवायला लागलो. एम.एस. युनिव्हर्सिटीत सोशल वर्क तू शिकलीस. माफ कर.

गेल्या पावसाळ्यात खालच्या भाडेकरूंकडे १८१ अभयम या गुजरातच्या महिला हेल्पलाइनची गाडी आली होती. फोन आईने केला होता, मी जिन्यातच उभा. तुझ्याच वयाची एक समुपदेशक आणि एक महिला पोलीस. त्या मुलीने नवऱ्याला ओट्यावर बसवलं, बाईला आत नेलं आणि आधी विचारलं, "आज रात्री इथे झोपायची भीती वाटते का?" आमच्या घरात अक्काला हे कुणी विचारलं नाही. ती मुलगी बाहेर पडली तेव्हा मला तू दिसलीस. लगेच मनात आलं, ही आता एकटी कुठे जाणार? तिला निदान गाडी होती, सोबत पोलीस होती.

२००६ च्या ऑक्टोबरात घरगुती हिंसेचा कायदा लागू झाला तेव्हा मी त्याची प्रत घरी आणली होती. कलम १७ अक्काला वाचून दाखवलं, की घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहायचा हक्क आहे. ती म्हणाली, "म्हणजे ह्या घरातसुद्धा?" मी हो म्हटलं. अठरा वर्षं आमच्यात राहून तिला हे विचारावंसं वाटलं. तो कागद तिने घडी करून देवघराच्या खणात ठेवला, अजून तिथेच आहे.

कामाटीबागेत फिरताना लोक विचारतात, मुलगी काय करते. मी "एका संस्थेत आहे" एवढंच सांगत आलो. यापुढे सगळं सांगेन.

आईने लीलो चिवडा बांधून ठेवलाय, येणारं कुणी मिळालं की पाठवतो. अक्का म्हणते, तिथे नुसती मराठीच येणारी कुणी असेल आणि तिची इच्छा असेल, तर मी बोलेन. फोन मी तिच्या उजव्या कानाशी धरीन.

आणि पाळी संपवून घरी पोचलीस की एक मिस्ड कॉल दे. तुझे रात्रीचे अकरा म्हणजे इथे सकाळचे साडेआठ, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा