‘युरोपीय न्यायालय’ म्हणजे नेमके कोणते?

संपादक महोदय,

‘युरोपीय न्यायालयाचा दणका, आश्रयाचा कायदा रद्द’ असे मथळे वरचेवर दिसतात. मुळात न्यायालये दोन आहेत. लक्झेंबर्गचे युरोपीय संघाच्या २७ देशांपुरते. स्ट्रासबुर्गचे मानवाधिकार न्यायालय युरोप परिषद या वेगळ्या संघटनेच्या ४६ देशांचे. जून २०२२ मध्ये ब्रिटनमधून आश्रयार्थींना घेऊन रवांडाला जाणारे विमान अडले ते स्ट्रासबुर्गच्या अंतरिम आदेशांमुळे. ब्रिटन तेव्हा संघाबाहेर पडलेला होता, लक्झेंबर्गचा तिथे संबंधच नव्हता.

शिवाय लक्झेंबर्गचे न्यायालय सदस्य देशाचा कायदा सहसा रद्द करत नाही. देशातला न्यायाधीश खटला थांबवून संघाच्या कराराच्या कलम २६७ खाली संघाच्या कायद्याचा अर्थ विचारतो. उत्तर आले की निकाल त्यानेच द्यायचा. मात्र तो अर्थ सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक होतो, खरी ताकद तिथे आहे.

इटलीने आश्रयार्थींना अल्बानियातल्या केंद्रांत ठेवून त्यांचे अर्ज तपासायचे ठरवले, त्या प्रकरणात हे नीट दिसते. ‘सुरक्षित मूळ देशा’तून, म्हणजे जिथे सर्वसाधारणपणे छळ होत नाही असे मानलेल्या देशातून, आलेल्याचा अर्ज झटपट, सीमेवरच कोठडीत ठेवून निकाली काढता येतो, म्हणून भांडण त्या देशांच्या यादीवर. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी मोल्दोवातल्या ट्रान्सनिस्ट्रिया या फुटीर भागाच्या निमित्ताने लक्झेंबर्गने सांगितले, की देशाचा एखादा भाग वगळून उरलेला ‘सुरक्षित’ ठरवता येणार नाही, आणि अर्जदाराने मुद्दा काढला नसला तरी न्यायाधीशाने तो तपासायचा. दोनच आठवड्यांत रोमच्या न्यायालयाने अल्बानियात ठेवलेल्या १२ बांगलादेशी आणि इजिप्शियन पुरुषांची कोठडी नाकारली. सरकारने मग यादी थेट कायद्याचे बळ असलेल्या अध्यादेशातच घातली. १ ऑगस्ट २०२५ च्या निकालाने ती पळवाटही अरुंद झाली: यादी कायद्याने करा, पण न्यायाधीशाला ती तपासता आली पाहिजे, माहितीचे स्रोत अर्जदारालाही मिळाले पाहिजेत, आणि काही गटांना धोका असेल तर तो देश यादीत नको.

यातली शेवटची अट मात्र तात्पुरतीच. संघाच्या २०२४ च्या नव्या नियमावलीत भूभागांचे आणि गटांचे अपवाद करायची मुभा आहे. तिच्या अंमलाची तारीख १२ जून २०२६ ठरवलेली. मजकूर बदलला की त्यावर उभा असलेला अर्थही बदलतो. संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेवर बेतलेले निकाल असे सहज हलत नाहीत. ग्रीसमधली आश्रयव्यवस्था कोलमडलेली असताना तिथे माणसे परत धाडू नका, हा डिसेंबर २०११ चा निकाल त्यातला.

हंगेरीचा दंड ही वेगळी वाट. तिथे युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेने, देशालाच न्यायालयात खेचले होते. आश्रयाबाबतचा २०२० चा निकाल पाळला नाही म्हणून १३ जून २०२४ रोजी २० कोटी युरो, वर दररोज १० लाख. हंगेरीने पैसे भरले नाहीत, तेव्हा आयोगाने ते तिच्या वाट्याच्या निधीतून कापायला सुरुवात केली.

बातमीदारांसाठी एक सोपी खूण: खटल्याचा क्रमांक ‘सी-’ने सुरू झाला (इटलीचा सी-७५८/२४), तर निकाल लक्झेंबर्गचा. स्ट्रासबुर्गच्या क्रमांकाला अक्षर नसते.

– एक वाचक